खड्डा कायम ठेवावा, ही विनंती

मुंबई उच्च न्यायालयाच्या एखाद्या निकालात आपण बसू, असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि खरंच बसलो नाही. पडलो.

दिवाळी होऊन गेली होती. चिवड्याच्या डब्यातले खोबऱ्याचे काप संपून तळाशी नुसतं डाळं आणि मीठ उरलं होतं, तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सकाळी साडेसहाला दुधाच्या दोन पिशव्या हँडलला अडकवून मी स्कूटरवरून घरी परतत होतो. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून बावीस पावलांवर एक खड्डा आहे. ‘आहे’ म्हणावं की ‘होता’, यावरूनच पुढचं सगळं रामायण घडलं, म्हणून क्रियापदाचा निकाल सध्या राखून ठेवतो. या खड्ड्याला मी चार पावसाळे ओळखत होतो. त्याच्या एका कडेला डांबराचा ओठ सुटून वर आलेला, आत पिवळा मुरूम, आणि तळाशी कोणीतरी कधीतरी टाकलेल्या लाल पेव्हर ब्लॉकचे दोन तुकडे, म्हाताऱ्याच्या उरलेल्या दातांसारखे. पावसात तो चहाच्या रंगाच्या पाण्याने असा काठोकाठ भरायचा, की नवख्याला वाटावं, साधं डबकं आहे. मी नवखा नव्हतो. रोज त्याला डावीकडून वळसा घालायचो. त्या दिवशी डावीकडे कुत्रा बसला होता.

कुत्रा भुंकला, मी उजवीकडे वळलो, पुढचं चाक डबक्यात गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे. दुधाची एक पिशवी फुटून खड्ड्यात सांडली. कुत्रा उठला, त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि लग्नाच्या पंगतीत बासुंदी प्यावी तसा तो निवांतपणे खड्डा पिऊ लागला.

गुडघा सोलवटला, पायजमा फाटला आणि उजव्या मनगटाला एक्स-रेमध्ये केसाएवढी चीर निघाली. प्लॅस्टर घालून घरी आलो, तर दारात तळमजल्यावरचे वकीलसाहेब उभे. हातात वर्तमानपत्राचं कात्रण.

“अभिनंदन!” ते म्हणाले.

वकीलसाहेबांची उभी हयात दिवाणी न्यायालयात, घरमालक आणि भाडेकरू यांच्या मधोमध गेली. कोणाच्या घरी काही झालं, की लोक समाचाराला मोसंबी घेऊन येतात. वकीलसाहेब निकाल घेऊन येतात. त्यांनी कात्रण माझ्या प्लॅस्टरवर पसरलं आणि वाचून दाखवलं. १३ ऑक्टोबर २०२५. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांचं खंडपीठ. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावलं तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झालं तर जखमेच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख. अर्ज केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे. उशीर झाला तर ९ टक्के व्याज. रक्कम पालिकेने द्यायची, आणि मग ज्याची चूक असेल त्या अधिकाऱ्याकडून किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची. ६ लाखांच्या ओळीवर आम्ही कोणीच थांबलो नाही. घाईघाईने पुढची ओळ वाचली.

“महिनाभर आधी पडला असतात तर नुसते पडला असतात,” वकीलसाहेब म्हणाले. “आता तुम्ही दावेदार आहात.”

बायकोने माझ्या मनगटाकडे नव्या नजरेने पाहिलं. “एवढ्याशा चिरेचे ५० हजार? मग अडीच लाखांना काय काय मोडावं लागतं?”

“ते समिती ठरवणार. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव.”

“अहो, तुम्हाला मेलं धड पडताही येत नाही,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

या निकालाचं वयही सांगायला हवं. २०१३ साली उच्च न्यायालयाचेच एक न्यायमूर्ती, गौतम पटेल, यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्यावरून आपणहून याचिका दाखल करून घेतली. आम्ही पत्र लिहितो ते वर्तमानपत्रात ‘जागेअभावी संक्षिप्त’ होतं. न्यायमूर्ती लिहितात त्याची जनहित याचिका होते. खड्डा मात्र दोघांनाही सारखीच दाद देतो, म्हणजे देत नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने रस्ते नीट करा, तक्रारीची यंत्रणा उभारा म्हणून बजावलं. त्यानंतर अवमानाची याचिका झाली. याचिका सुरू झाली तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. हा निकाल लागला तेव्हा ती बंगळुरूला नोकरीला लागून मला तिथल्या खड्ड्यांचे फोटो पाठवत होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, मी अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो. माझी चूक एवढीच झाली, की मी अर्ज मनापासून लिहिला होता. तीन पानी. त्यात पाऊस होता, पहाट होती, डांबराचा ओठ होता आणि, नको होता तो, कुत्राही होता.

“काका, नक्की कशामुळे पडलात?” आवक टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

“खड्ड्यामुळे.”

“इथे तर कुत्रा लिहिलाय.”

“कुत्रा निमित्तमात्र होता.”

“निमित्ताचं खातं वेगळं आहे. कुत्रा आरोग्य विभागात, दुसरा मजला. खड्डा पथ विभागात, मागची इमारत. आधी कुत्र्याचं काही नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा.”

दुसऱ्या मजल्यावर कुत्र्यांच्या टेबलामागे एक थकलेले गृहस्थ बसले होते. “चावला का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“नाही. भुंकला.”

“भुंकण्याचं आमच्याकडे काही नाही.”

“तेच लिहून हवंय.”

हे ऐकून ते इतके खूश झाले, की त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि मन मोकळं केलं. “साहेब, ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय दिल्लीवाल्यांना म्हणालं, सगळे कुत्रे उचला, परत सोडू नका. आम्ही म्हटलं, उद्या आपल्यावर येणार. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्ती म्हणाले, नसबंदी करा, लस द्या आणि उचललं तिथेच सोडा. पिसाळलेले आणि अंगावर येणारे तेवढे ठेवून घ्या. वर प्रत्येक वॉर्डात त्यांच्या जेवणाची जागा ठरवून द्या. परवा ७ नोव्हेंबरला म्हणाले, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन, इथले उचला आणि तिथे परत सोडू नका. आमच्या गाडीवरचा माणूस आता रोज आधी पेपर वाचतो आणि मग कुत्र्यामागे धावतो. त्यांना ठेवायला जागा कुठून आणू? या खोलीत माणसं सात आणि खुर्च्या चार.”

मी बसलेलं स्टूल कोणाचं होतं ते मला तेव्हा कळलं. एक शिपाई केव्हाचा माझ्यामागे उभा होता.

“तुमचा कुत्रा नेमका कुठे बसला होता?” गृहस्थांनी पेन उघडत विचारलं.

“खड्ड्याच्या डावीकडे.”

“जवळपास दवाखाना?”

“समोर दातांचा आहे.”

ते विचारात पडले. “दातांचा दवाखाना... हे वर विचारून घ्यावं लागेल.” पण शेवटी त्यांनी लिहून दिलं: ‘सदर श्वानाचा अपघाताशी प्रत्यक्ष संबंध दिसून येत नाही.’ कुत्रा निर्दोष सुटला. दूध त्याला मिळालंच होतं.

घरी हे सांगितल्यावर वकीलसाहेब हळहळले. “चावला असता तर गोष्ट वेगळी होती. २०२३ ला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दर ठरवून दिलाय. दाताच्या एकेका खुणेला किमान १० हजार. मांस निघालं तर दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार.”

“कुत्र्याला दात किती असतात?” बायकोने लगेच विचारलं. मुलीला फोन करून माहिती काढण्यात आली. बेचाळीस.

“चार लाख वीस हजार!” बायको खुर्चीवर बसली.

“पण ते पंजाब-हरियाणात,” वकीलसाहेब म्हणाले. “इथे आधी खटला लढवावा लागेल. शिवाय सगळे बेचाळीस लागले पाहिजेत.”

तिने खिडकीतून खाली पाहिलं. कुत्रा दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर झोपला होता. एवढी मोठी रक्कम इतक्या बेफिकिरीने झोपलेली तिने पहिल्यांदाच पाहिली असावी.

तर त्या सोमवारी, बरोबर बाराच्या ठोक्याला, पथ विभागात माझी तक्रार नोंदली गेली. मोबाइलवर क्रमांक आला. कनिष्ठ अभियंत्यांनी सांगितलं, की बुधवारी सकाळी अकराला पंचनाम्याला माणूस येईल. मी वकीलसाहेबांना वर्दी दिली. ते कात्रण पुन्हा वाचत होते आणि एका ओळीवर त्यांचा चष्मा अडला.

“याच निकालात आणखी एक आहे. तक्रार कळल्यापासून ४८ तासांत खड्डा बुजवायचा.”

“बरंच आहे की.”

“बरं काय? पंचनाम्याच्या आधी बुजवला तर दाखवणार काय? सोमवारी बारा ते बुधवारी अकरा किती तास झाले?”

“सत्तेचाळीस.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पोट धरून हसलो. आमची महापालिका आणि सत्तेचाळीस तासांच्या आत! चार पावसाळे आम्ही या खड्ड्यासाठी अर्ज, विनंत्या, आणि एकदा तर वृक्षारोपण केलं होतं. हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी खाली गेलो, तर खड्ड्याशेजारी खडीचा ढीग पडलेला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तक्रारीची तातडीने दखल घेतली जात होती, आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्यानंतरचा दीड दिवस मी त्या खड्ड्याची जी राखण केली, तशी माझ्या मुलांची केली नसेल. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन लांबी, रुंदी, खोली मोजली. खोली मोजताना टेप भिजला. ‘ब्लाउजची मापं घ्यायचा आहे तो’ ही वरून आलेली सूचना अख्ख्या गल्लीने ऐकली. खड्ड्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र उभं धरून फोटो काढला. अपहरण झालेल्या माणसाचा काढतात तसा. खोली समजावी म्हणून आत कुकर ठेवून एक काढला. मग कोणी बुजवू नये म्हणून मध्ये तुळस मेलेली कुंडी ठेवली आणि तिला लाल फडकं बांधलं. सकाळी पाहतो तर कुंडीसमोर दोन झेंडूची फुलं आणि एक रुपयाचं नाणं. नाणं मी उचललं नाही. पुरावा जसाच्या तसा राहायला हवा.

सोसायटीत मात्र माझ्याविरुद्ध वातावरण तापलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चेअरमननी लिहिलं: ‘चार वर्षांनी पालिका खड्डा बुजवायला येत असताना एका सभासदाने वैयक्तिक स्वार्थासाठी आडवं येणं खेदजनक आहे.’ त्याखाली सत्तावीस अंगठे आले. मग मी निकालाची रक्कम ग्रुपवर टाकली. दहा मिनिटं ग्रुप शांत होता. नंतर बी विंगमधल्या एका काकांना आठवलं, की २०२३ साली तेही तिथेच पडले होते. डी विंगमधल्या ताईंच्या सासूबाईंचा पाय मुरगळला होता, खड्ड्यात नाही पण खड्ड्याकडे पाहताना. रात्री जेवण झाल्यावर चेअरमन स्वतः आले. आवाज खाली आणून म्हणाले, “नुसती ठेच लागली असली तर चालतं का हो? बूट फाटला होता.”

मंगळवारी मध्यरात्रीनंतर दोनला ट्रकचा आवाज आला. मी प्लॅस्टरचा हात सावरत जिना उतरलो. मुकादम कुंडी उचलून बाजूला ठेवत होता. फुलांना त्याने नमस्कार केला.

“थांबा!” मी ओरडलो. “बुधवारी अकरापर्यंत हात लावू नका. कोर्टाची ऑर्डर आहे.”

“आमच्याकडंबी कोर्टाचीच हाय, सायेब. अठ्ठेचाळीस तासांत बुजवा म्हणून. तुमची कंच्या कोर्टाची?”

“मुंबई उच्च न्यायालय. १३ ऑक्टोबर.”

“आमचीबी तीच.”

खड्ड्याच्या एका काठावर मी, एका काठावर तो, आणि मध्ये एकच न्यायालय. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. ट्रकच्या दिव्यात तळाचे ते दोन पेव्हर ब्लॉकचे दात चमकत होते.

“अर्धा तरी ठेवा,” मी म्हणालो.

“अर्धा ठिवला तर मला मेमो भेटंल. तुमी ४८ तास आधी पडायचं आन् मग तक्रार करायची ना.”

“आधीच पडलोय हो!”

“मंग आता उठा,” तो शांतपणे म्हणाला. कारण बोलता बोलता मी खड्ड्याच्या कडेला बसलो होतो.

सहा घमेली माल पडला. दोघांनी धुम्मस मारली. वरून बारीक कच पसरली. चार वर्षांचा आमचा ऋणानुबंध अकरा मिनिटांत सपाट झाला. सपाट म्हणजे वर टेंगूळ ठेवून. ‘गाड्या जाऊन बसंल,’ मुकादम म्हणाला.

बुधवारी अकराला येणारा माणूस साडेतीनला आला. “खड्डा कुठाय?”

“हा काय. तुमच्याच लोकांनी काल बुजवला.”

“बुजवलेल्या खड्ड्याचा पंचनामा होत नाही, काका. दिसेल तेच लिहावं लागतं.” आणि त्याने लिहिलं: ‘सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता रस्ता सुस्थितीत आढळून आला.’ मी त्याला फोटो दाखवले. वर्तमानपत्राचा त्याने लक्ष देऊन पाहिला. कुकरचा पाहून विचारलं, “पाच लिटरचा का?” मग कागद पुढे केला. “पंच म्हणून सही करा. इथे दुसरं कोणी दिसत नाही.”

आणि मी सही केली. डाव्या हाताने. का केली, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. सरकारी माणसाने कागद पुढे करून बोट ठेवलं, की आमच्या घराण्यात सही होते. वडिलांनी अशीच एकदा शेजाऱ्याच्या कर्जाला केली होती.

त्या रात्री वकीलसाहेब मला धीर द्यायला १९८० सालात गेले. “रतलामचा निकाल ऐका. गावातली गटारं तुंबली, लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं, की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.”

रतलाम म्हटल्यावर मला फक्त शेव आठवली. “पण आपली महापालिका पैसे नाहीत असं कुठे म्हणते? खड्डा नाही असं म्हणते.”

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला. “मग रतलाम लागू होत नाही,” ते म्हणाले आणि शेव मागवली.

अशा वेळी पूर्वी माणूस नगरसेवकाकडे जायचा. काम व्हायचं असं नाही, पण चहा मिळायचा. आम्हाला मात्र २०२२ पासून नगरसेवकच नव्हता. मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणूक न्यायालयात गेली. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी ‘ट्रिपल टेस्ट’ घालून दिली: आयोग नेमा, माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे नको. माझी बायको कित्येक दिवस हिला क्रिकेटची मालिका समजत होती, आणि तिचं फार चुकलं असंही नाही. पावसामुळे खेळ थांबावा तशी तारीख पडायची. पुढे प्रभाग किती जणांचा यावर वाद झाला. अखेर ६ मे २०२५ ला न्यायालय म्हणालं, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या. सप्टेंबर आला, चार महिने संपले, मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत मिळाली. मी पडलो तो या दोन तारखांच्या मधल्या फटीत. माझं आयुष्यातलं बहुतेक सगळं अशाच फटीत घडलेलं आहे.

नगरपालिकांचा नंबर आधी लागला. माझा मेव्हणा विदर्भातल्या एका नगरपालिकेत उभा होता. २ डिसेंबरला मतदान, ३ ला मोजणी, ४ ला सत्यनारायण, असा त्याचा बेत ठरलेला. काही ठिकाणचं मतदान अपिलांमुळे २० तारखेवर गेलं होतं. तेव्हा नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरलाच करा. मतं यंत्रात बंद आणि मेव्हणा बाहेर, असे एकोणीस दिवस गेले. प्रचार संपला होता, पण निकाल लागेपर्यंत कोणाला चहा नाही म्हणता येईना. यंत्रांच्या खोलीबाहेर पाळीपाळीने पहारा, पहारेकऱ्यांना पोहे, पोह्यांवर विरोधकांचे पहारेकरीही येऊन बसायचे. “भाऊजी,” तो फोनवर म्हणाला, “मतदारांना वाटलं नाही एवढं मी या एकोणीस दिवसांत खाऊ घातलं.” तो शेवटी तेहतीस मतांनी पडला. खड्डा नसल्यामुळे भरपाई नाही.

इकडे १५ डिसेंबरला महापालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. मी समितीचं काय झालं विचारायला गेलो, तर आवक टेबलावरच्या बाईंनी दोन्ही हात जोडले. “काका, आता सगळं इलेक्शननंतर. साहेब ड्युटीवर आहेत, मीही परवा ट्रेनिंगला जाते.” बायकोने घरी ९ टक्क्यांचा हिशेब मांडला. ५० हजारांवर महिन्याला ३७५ रुपये, दिवसाला १२ रुपये ३३ पैसे. “उशीर झाला तरी रोजचं अर्धा लिटर दूधसुद्धा सुटत नाही,” तिने निष्कर्ष काढला.

प्रचारात मात्र मला मान आला. चार जणांचा प्रभाग, त्यामुळे एकेका पक्षाचे चार-चार उमेदवार माझं प्लॅस्टर हातात घेऊन फोटो काढून गेले. प्लॅस्टर काढायची तारीख उलटली होती, पण डॉक्टर म्हणाले, ठेवायचं तर ठेवा, मतदानापर्यंत. १५ जानेवारीला मतदान झालं, १६ ला मोजणी. एकाऐवजी चार नगरसेवक मिळाले. ‘अ’ मधल्यांकडे गेलो, ते म्हणाले रस्त्यांचं ‘क’ बघतात. ‘क’ म्हणाल्या, तुमची गल्ली ‘ब’ ने वाटून घेतलीय. ‘ब’ मुंबईला गेले होते. ‘ड’ घरीच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण आता खड्डा आहे का?”

त्याच आठवड्यात महापालिकेचं पत्र आलं. ‘आपल्या अर्जात नमूद केलेल्या ठिकाणी खड्डा आढळून आलेला नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. सोबत: आपल्या सहीचा पंचनामा.’

मी पत्र घेऊन खाली वकीलसाहेबांकडे निघालो, तर गल्लीत चारही नगरसेवकांच्या सत्काराचा मंडप पडत होता. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर एक भलामोठा फ्लेक्स चढलेला: चार हसरे चेहरे, त्यांच्याभोवती द्राक्षाच्या घडासारखे शुभेच्छुक, आणि मजकूर ‘खड्डेमुक्त प्रभाग, हाच आमचा ध्यास’. साताऱ्याच्या ‘सुस्वराज्य फाउंडेशन’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीतच बेकायदा फलकांवर कडक निकाल दिलाय. घडाच्या दुसऱ्या ओळीत आमचे चेअरमन होते. फाटका बूट फोटोत आला नव्हता.

फ्लेक्सचा बांबू आणि मंडपाचे खांब रोवायला पोरं पहार घेऊन रस्ता फोडत होती. पहार नेमकी मुकादमाच्या टेंगळावर पडत होती. तिथला माल सगळ्यात मऊ, पोरांना माहीत. वकीलसाहेबही बाहेर येऊन उभे राहिले.

“रस्त्यात असं खणायला दंड असतो ना?” मी विचारलं.

“मुंबईत गेल्या गणपतीला तो खड्ड्यामागे २ हजारांचा १५ हजार केला होता. मंडळांनी ओरड केली, परत २ हजारांवर आला.”

मी मनाशी आकडे मांडले. खणणाऱ्याला दंड २ हजार. पडणाऱ्याला कमीत कमी ५० हजार. म्हणजे एखाद्याने स्वतःच—

“त्या दिशेने विचार करू नका,” वकीलसाहेब म्हणाले. तेही थोडा वेळ त्याच दिशेने पाहत होते.

सत्कार झाला. रात्री मंडप उतरला, बांबू उपटले गेले. सकाळी साडेसहाला मी दुधाला निघालो तेव्हा फाटकापासून बावीस पावलांवर, त्याच जागी, कच विस्कटून एक नवाकोरा खड्डा पडला होता. तळाशी लाल पेव्हर ब्लॉकचे दोन तुकडे. डावीकडे कुत्रा.

मी स्कूटर स्टँडला लावली आणि वर तोंड करून हाक मारली, “अगं, टेप कुठंय?”

“शिवणाच्या डब्यात,” खिडकीतून उत्तर आलं. “आणि या वेळी आधी फोटो काढा, मग पडा.”